मॅक्रो फोटोग्राफी: विषय कुठे शोधायचे, कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंगीचा किंवा कोळ्याचा जवळून काढलेला फोटो कुणाला पाठवला, की ‘कॅमेरा कुठला?’ हे एकदाच विचारलं जातं. ‘हे सापडलं कुठे?’ हे मात्र पुन्हा पुन्हा विचारलं जातं. असे वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जे एका उत्तरात आलं ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅक्रो म्हणजे नेमकं काय? जवळून काढलेला कुठलाही फोटो मॅक्रो का?

काटेकोर अर्थाने, वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) पडली तर तो मॅक्रो. एक सेंटीमीटरचा भुंगेरा सेन्सरवरही एक सेंटीमीटरच दिसला पाहिजे. या हिशेबाने पंख पसरलेल्या मोठ्या फुलपाखराचा फोटो मॅक्रो ठरत नाही, तो क्लोजअप. विषय शोधताना या फरकाचा फार विचार करू नका. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: एकास एक मोठेपणाला लेन्सचं छिद्र लहान करून एफ ८ वर ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर जाडीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून शांत बसलेला विषय आणि पडलेला वारा मिळाला की निम्मं काम झालंच.

२. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मी विषय शोधत फिरून काही उपयोग आहे का?

नक्कीच आहे. मोबाइलवर लावायची क्लिपची लेन्स चालते, पण तिला विषयापासून दोन-तीन सेंटीमीटरवर न्यावं लागतं. त्यामुळे जे पळत नाही ते निवडा: सुरवंट, कोष, गोगलगाय, अळंबी, शेवाळ, दवात भिजून गारठलेला चतुर. कॅमेरा असेल पण मॅक्रो लेन्स नसेल, तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) लावा किंवा रिंग वापरून जुनी लेन्स उलटी बसवा. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावला की प्रकाश मऊ होतो. याहून जास्त सामानाची सुरुवातीला गरज नाही.

३. मी फ्लॅटमध्ये राहतो. आमच्याकडे किडेबिडे काही नसतात. मग काय करू?

गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे का? असेल तर आज संध्याकाळी कोवळ्या पानांवर नीट बघा. पक्ष्याची शिट पडल्यासारखा एक काळा-पांढरा ठिपका दिसेल. तो जागचा हलला, तर ती ‘कॉमन मॉरमॉन’ किंवा लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. पक्ष्यांना चकवायला ती लहानपणी शिटेचं सोंग घेते आणि शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. तिला हलकासा जरी धक्का लागला, तरी डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर-केशरी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो फोटो मिळावा म्हणून तिला डिवचू नका. मुंगी अंगावर आली की ती तो आपणहून काढते.

खिडकीच्या चौकटीत चिखलाचं इवलंसं मडकं दिसलं तर ते कुंभारीण माशीचं. आत तिने बधिर करून ठेवलेल्या अळ्या असतात, तिच्या पिल्लाचं अन्न म्हणून. गॅलरीच्या कठड्यावर उडी मारणारे कोळी असतात. मॅक्रो शिकायला यांच्यासारखा दुसरा विषय नाही, कारण समोरच्या चार डोळ्यांनी ते स्वतः वळून कॅमेऱ्याकडे बघतात. शहरातले म्हणून त्यांना कमी लेखू नका. २०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या अशाच एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ तिला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळालं.

४. बागेत तासतास फिरतो, तरी काहीच दिसत नाही. माझं काय चुकतंय?

बहुतेक वेळा फिरणंच चुकतं. एक झुडूप निवडा, त्याच्यासमोर उकिडवे बसा आणि पंधरा मिनिटं तिथून उठू नका. पहिली पाच मिनिटं नुसती पानं दिसतात. मग एखादी मुंगी दिसते. तिच्यामागे नजर गेली की मावा दिसतो, आणि माव्यापाशी त्याला खायला आलेली लेडीबर्डची काटेरी अळी.

किडा शोधण्याआधी त्याच्या खुणा शोधा. पान कडेने कुरतडलेलं आहे का? खालच्या पानावर काळ्या बारीक लेंड्या पडल्यात का? लेंड्या ओल्या असतील तर अळी बरोबर वरच्याच पानाखाली आहे, वाळलेल्या असतील तर ती पुढे सरकली आहे. पान पुंगळीसारखं वळलंय का, दोन पानं धाग्याने चिकटवली आहेत का? पावसाळ्यात गवताच्या दांड्यावर थुंकीसारखा फेस दिसला तर त्यात एका रस शोषणाऱ्या किड्याचं पिल्लू लपलेलं असतं. पानांची खालची बाजू बघायची सवय लावून घ्या. मी छोटा आरसा जवळ ठेवतो, पान न उलटता त्याच्या खाली काय आहे ते कळतं.

५. मग कुठली झाडं हेरून ठेवू?

माझं ठाम मत आहे की किडे शोधणाऱ्याने आधी झाडं ओळखायला शिकावं. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात, त्यामुळे झाड कळलं की पत्ता कळला.

एकच झाड निवडायचं झालं तर मी रुई निवडेन. पडीक जागा, रस्त्याची कड, मारुतीचं देऊळ, कुठेही ती असते. तिच्या पानाखाली ‘प्लेन टायगर’ फुलपाखरू एकेक करून पांढरट अंडी घालतं. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असतात. ती खाताना बघणं हा अनुभव आहे. रुईचा चीक चिकट आणि विषारी असतो, म्हणून ती आधी पानात गोल चर कुरतडते. चिकाच्या वाटा तुटतात, चीक चरापाशी गळून जातो आणि मग ती चराच्या आतला भाग निवांत खाते. पानावर नाण्यासारखं गोल छिद्र दिसलं की समजा, ती इथेच होती. पिवळा मावा, निळ्या-पिवळ्या रंगाचा रुईवरचा नाकतोडा आणि फुलांवर घुमणारे मोठे काळे भुंगे, सगळं एकाच झाडावर मिळतं.

दुसरं झाड एरंडाचं. त्याच्या पानाच्या देठावर मधासारखा रस पाझरणाऱ्या ग्रंथी असतात. तिथे मुंग्या येतात आणि थेंब पितानाचे फोटो मिळतात. तिसरी पानफुटी. ‘रेड पिएरो’ फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत राहून गर खाते, आणि पान उजेडासमोर धरल्यासारखं पारदर्शक दिसायला लागतं. याशिवाय लिंबू, शेवगा, फुललेली तुळस आणि बांधावरची घाणेरी. घाणेरी बाहेरून आलेली आणि उपद्रवी आहे, लावू नका. पण असेल तिथे फुलपाखरं हमखास येतात.

६. मुंबई-पुण्यात किंवा इतर शहरांत कुठे जाऊ?

मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, गोरेगावचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आणि माहीम-धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. हे शेवटचं एकेकाळच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं आहे, आणि तिथली पानं उलटून बघताना हे मला दरवेळी आठवतं. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची फुलपाखरांची वाडी आहे. पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, एम्प्रेस गार्डन, पाषाण तलावाचा काठ. नाशिकला पांडवलेण्यांखालचं वनोद्यान, नागपूरला अंबाझरी. वेळा आणि शुल्क बदलत असतं, निघण्याआधी चौकशी करा.

मला विचाराल तर या सगळ्यांपेक्षा घरापासून दहा मिनिटांवरची, वर्षभर जाता येईल अशी जागा जास्त देते. नाला, रिकामा प्लॉट, शाळेमागचं कुंपण, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा तिथेच जा. आज अंडं दिसलं तर पुढच्या आठवड्यात अळी आणि त्यानंतर कोष मिळतो. लांबच्या सहलीत हे कधीच मिळत नाही.

७. वर्षातला चांगला काळ कोणता?

पहिल्या मोठ्या पावसानंतर, मृग लागतो त्या सुमारास, नांगरलेल्या रानात आणि माळावर मृगाचा किडा बाहेर येतो. लाल मखमलीचा तुकडा चालत असल्यासारखा. त्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांचा नातलग. तो थोडेच दिवस वर दिसतो, तेव्हा त्यासाठी सगळी कामं बाजूला ठेवावीत. लहानपणी आम्ही तो काडेपेटीत भरून आणायचो. आता मुलांना जमिनीवर आडवं पडून बघायला शिकवावं.

जुलै-ऑगस्टमध्ये बेडूक, गोगलगायी, अळंबी, वाणी किडे आणि घाटातली पतंगांची गर्दी. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर हा सर्वांत भरघोस काळ: रानफुलं, फुलपाखरं, कोळ्यांची मोठी जाळी. डिसेंबर-जानेवारीत देशावर दव पडतं. फेब्रुवारीनंतर ओढ्याच्या ओल्या मातीवर फुलपाखरं क्षार शोषायला थव्याने बसतात, पोटावर सरपटत गेलात तर फार जवळ जाता येतं. भर उन्हाळ्यासाठी प्रश्न १५ पाहा.

८. आणि दिवसातली वेळ?

सूर्योदयापासून नऊपर्यंत. किड्यांचं अंग गार असतं, ते सुस्त असतात आणि वारा सुटलेला नसतो. ऊन चढलं की चतुरामागे धावणं व्यर्थ आहे. तोच चतुर पहाटे गवताच्या काडीवर दवाने लगडलेला, पंखाच्या प्रत्येक चौकटीत एकेक थेंब घेऊन बसलेला असतो. आदल्या संध्याकाळी तो कुठे विसावतो ते हेरून ठेवा, पहाटे तिथेच सापडतो.

रात्रही उत्तम. पांढरी चादर टांगून मागे दिवा लावला की पतंग येतात. अतिनील टॉर्च मारला की विंचू निळसर-हिरवा चमकतो, दगडाच्या फटीत असला तरी. हे आपल्या अंगणात किंवा परवानगी असलेल्या जागीच करा.

९. कासला कधी जाऊ? तिथे मॅक्रो जमतं का?

साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पावसाच्या लहरीप्रमाणे. हंगामात आधी नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवार टाळा. कासचा समावेश २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात आहे.

विषय म्हणाल तर दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती आधी शोधा. तिच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यात चिलट अडकलेलं असतं. पाठीमागून येणाऱ्या कोवळ्या उन्हात ते थेंब पेटल्यासारखे दिसतात. सीतेची आसवंही कीटकभक्षीच, पण तिचे सापळे ओल्या मातीत असतात, वर फक्त जांभळं-निळं फूल दिसतं. गेंदाची पांढरी बोंडं, तेरडा, सोनकी ही तर गालिचाच घालतात.

आता मनापासूनची विनंती. कासच्या कातळावर मातीचा थर फार पातळ आहे. एका फोटोसाठी माणूस आडवा झाला की त्याच्याखाली शेकडो रोपं चिरडतात. पायवाट सोडू नका, वाटेच्या कडेलाच सगळं आहे. जमिनीवर झोपून काम करायचं असेल तर कासचा हट्ट सोडा. गावाजवळच्या साध्या माळावर, चरून गेलेल्या गवताच्या कडेला बसा. तिथेही तेरडा आणि सोनकी भेटतात.

१०. आंबोलीबद्दल खूप ऐकलंय. तिथे काय मिळतं?

बेडूक! सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. जून ते ऑगस्टमध्ये मलबार उडता बेडूक पाण्यावर लवलेल्या फांदीला पानांमध्ये फेसाचं घरटं करतो. पिल्लं बाहेर पडली की थेट खाली पाण्यात. ‘आंबोली टोड’ या भेकाची नोंद स्वतंत्र प्रजाती म्हणून इथल्याच कातळांवरून झाली आहे. कातळावरच्या उथळ डबक्यांत त्याची पिल्लं असतात, म्हणून पाऊल टाकताना आधी खाली बघा.

स्थानिक वाटाड्याशिवाय रात्री फिरू नका. वाट, साप आणि बेडकांच्या जागा त्यांना पाठ असतात आणि त्या गावाला त्यातून उत्पन्नही मिळतं. बेडकाला हात लावू नका. हाताला लागलेलं डास पळवायचं मलम त्याच्या पातळ कातडीतून आत जातं. थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काच धुक्याने भरते, तेव्हा अर्धा तास आधी बॅग बंदच बाहेर ठेवा.

११. कोकणात आमचं गाव आहे. डोंगर नाही, समुद्र आणि सडा आहे. तिथे काही मिळेल का?

तुम्ही नशीबवान आहात. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळावर, खळग्यांत पाणी साचतं, आणि त्याच्या काठावर गेंद व सीतेची आसवं उगवतात. तिथे गर्दीही नसते.

समुद्रावर मात्र पुळण सोडून खडकाळ किनारा गाठा आणि वेळ साधा. गावातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. तृतीयेला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे हे दोन दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात, कारण उधाणामुळे ओहोटीही खोल लागते आणि उजेडही चांगला असतो. खडकांच्या डबक्यांत समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, क्वचित रंगीत समुद्री गोगलगाय दिसते. पाण्यावरची चकाकी घालवायला पोलरायझर लावा. दगड उलटलाच तर जसा होता तसाच परत ठेवा, त्याखालचे जीव उन्हात मरतात. पाणी चढायला लागलं की लगेच निघा.

१२. परवानगी लागते का?

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो किड्यांनाही लागू होतो, अनेक फुलपाखरं त्याच्या यादीत आहेत. प्रवेशद्वारावर कॅमेऱ्याचं शुल्क विचारा. आतलं फूल, कोष, शंख काहीही उचलायचं नाही. शेतात जाण्याआधी मालकाला विचारा, बहुतेक जण आनंदाने होकार देतात आणि कुठे काय दिसतं तेही सांगतात. देवराईत गावकऱ्यांना विचारूनच पाऊल टाका. काही ठिकाणी चपला बाहेर काढाव्या लागतात. पालापाचोळ्यातल्या अळंबीसाठी देवराईसारखी दुसरी जागा नाही.

१३. झुडपात हात घालताना कशाची काळजी घ्यायची?

आधी नजर, मग टॉर्च, मग हात. सड्यावर आणि दगडांत फुरसं असतं, घाटातल्या झुडपात फांदीच्याच रंगाचा चापडा. बूट आणि लांब पँट हवीच. खाजकुयलीच्या शेंगांजवळून जाताना अंग चोरून जा. आग्या मोहोळाजवळ फ्लॅश मारू नका, अत्तर लावून जाऊ नका.

गोचिडांकडे लोक दुर्लक्ष करतात. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडी भागात आणि गोव्यात सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडामुळे होतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात वाढतो. मेलेलं माकड दिसलं तर तिथून मागे फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळी गवतातून आल्यावर ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना ‘गवतात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा. स्क्रब टायफसचं निदान त्यावरून लवकर होतं.

१४. किडा फ्रीजमध्ये ठेवून गार केला की हलत नाही म्हणतात. करावं का?

नाही. त्याने किडा मरू शकतो, आणि वाचला तरी त्याची बसण्याची ढब निर्जीव दिसते. पाय आखडलेले असतात, मिशा लोंबलेल्या. जाणकाराला ते लगेच कळतं. गार, शांत किडा हवा असेल तर पहाटे उठा (प्रश्न ८). वाऱ्याने काडी हलत असेल तर कपड्यांच्या चिमट्याने ती काठीला धरून ठेवा. कोष तोडून ‘चांगल्या पार्श्वभूमीवर’ लावणं, घरट्यापुढची पानं छाटणं हेही नको. पानं गेली की पिल्लं भक्षकाला दिसतात.

१५. किडे आवडत नाहीत, किंवा एप्रिल-मेमध्ये बाहेर काहीच नाही. तेव्हा?

स्वयंपाकघर उघडा. खसखशीच्या दाण्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, एकदा बघाच. केशराचा धागा, खडीसाखरेचे कंगोरे, मोरपिसावरचा पाण्याचा थेंब, पाण्यावर तरंगणारं तेल. बाहेर पळसाचं गळालेलं फूल, जुन्या वडाची साल, कोरड्या मातीतले नरसाळ्यासारखे खड्डे. त्या खड्ड्याच्या तळाशी मुंगी घसरून यायची वाट बघत एक किडा पुरून बसलेला असतो, आणि तो फक्त जबड्याची टोकं वर ठेवतो.

१६. मुंगीचा फोटो काढला आणि जाणकार म्हणाले हा कोळी आहे. असं कसं?

आंब्या-काजूवर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा एक कोळी आहे. पाय मोजा, आठ भरतील. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून हलवतो. मुंग्या एकमेकींना स्पर्श करत रांगेत चालतात, हा रांगेच्या कडेकडेने एकटा असतो आणि मुंगी जवळ आली की बाजूला होतो. घाबरला तर धाग्यावरून खाली लोंबतो. नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटतं. लाल मुंग्यांचं घरटं दिसलं की त्या झाडाची पानं सावकाश तपासा. ओळख पटवायची असेल तर नेहमी तीन फोटो घ्या: वरून, समोरून आणि ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा.

१७. दुर्मीळ काही सापडलं तर जागा सांगावी का?

सर्वांसमोर नको. तालुका सांगितला तरी पुरे. फोटोतलं लोकेशन बंद करा. कोळी, ऑर्किड, कीटकभक्षी वनस्पती उचलून विकणारे असतात, आणि नुसती फोटोवाल्यांची गर्दीसुद्धा एखादा छोटा कातळ दोन रविवारांत तुडवून टाकते. अभ्यासकाला मात्र नेमकी जागा जरूर कळवा.

१८. मी वर्षभर ज्या झाडाकडे जायचो तेच तोडलं. आता काय?

हे माझ्याही बाबतीत झालं आहे. आमच्या रस्त्याच्या कडेची रुई ‘साफसफाई’त बुंध्यापासून छाटली गेली, तिच्यावर तेव्हा चार अळ्या होत्या. मी फार हळहळलो. मग जे करता येईल ते केलं: छाटलेल्या फांद्या गोळा करून अळ्या पलीकडच्या दुसऱ्या रुईवर सोडल्या आणि छाटणी करणाऱ्यांना त्या दाखवल्या. त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या. तुम्हीही आधी हेच करा, त्याच जातीचं जवळचं झाड शोधा. आणि जुनी जागा सोडू नका. रुईची मुळं जिवंत असतील तर ती पुन्हा फुटते. आमची पावसानंतर फुटली. दोन वितींची झाली तेव्हा सकाळी खाली बसून सगळ्यांत कोवळं पान आरशात पाहिलं. देठाजवळ एक अंडं होतं, पांढरट, मोहरीहून लहान, उभ्या बारीक रेघांचं.